'बंद असन'

आज सकाळी अंजनगाव सुर्जीजवळ आमचे लाईनमन गजाननभाऊ कमरेला पट्टा बांधून खांबावर चढायच्या बेतात होते. त्यांची इंजिनिअर म्हणून मी सबस्टेशनला फोन लावला. तिथून येणारी आमची वीजवाहिनी, म्हणजे फीडर, बंद असल्याशिवाय खांबावर चढता येत नाही.

"आमचा फीडर बंद आहे?"

"बंद असन, मॅडम," ऑपरेटर म्हणाला.

आमच्या वऱ्हाडात 'असन' म्हणजे 'असेल'. बाबा घरी आहेत का विचारलं, तर 'असन' एवढं उत्तर पुरतं. अकरा हजार व्होल्टच्या तारेला ते पुरत नाही.

"पॅनेलपाशी जाऊन बघा आणि सांगा. भाऊ, तुम्ही थांबा."

"बंद असन म्हणते न तो! ऊन तापून राहिलं, मॅडम. चढू द्या मले."

"नाही."

चार मिनिटांनी ऑपरेटरचा फोन आला. "मॅडम, दुसराच फीडर बंद केला होता. तुमचा चालूच हाये."

गजाननभाऊंनी वर तारेकडे पाहिलं, पट्टा सोडला आणि तिथेच खाली बसले.

मी ऑपरेटरला झापणार होते. झापलं नाही. त्याला खात्री नव्हती आणि त्याने ती असल्याचं दाखवलंही नाही. मी कामात कडक आहे. मला घाबरून तो "हो मॅडम" म्हणाला असता, तर मी भाऊंना चढू दिलं असतं.

तुमच्या हाताखालची माणसं तुम्हाला 'असन' म्हणू शकतात का?