सहा बर्थ, चार बेल्ट

शुक्रवार, ६ नोव्हेंबर २०२०. सकाळी पाच वाजून बावन्न मिनिटांनी यतिन पातूरकर पश्चिम सिडनीतल्या एका डेपोत उभ्या बसच्या सीटवर हिरवे ठिपके चिकटवत होता. करोनामुळे प्रवाशांनी ठिपका असेल तिथंच बसायचं होतं, आणि शाळकरी पोरं ते ठिपके नखानं खरवडून काढत. तेवढ्यात स्पृहाचा, त्याच्या बायकोचा फोन आला.

"रिचमंडवाल्या म्हाताऱ्याचा मेसेज आलाय. गाडी अजून विकलेली नाही. उद्या बघायला या म्हणतोय."

"बाबांना सांगितलंस?"

"त्यांनीच मला उठवून सांगितलं. तुझा आयपॅड त्यांच्या उशाशीच असतो हल्ली."

बाबा म्हणजे चंद्रहास पातूरकर, अकोल्याच्या जिल्हा परिषदेतून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. जानेवारीत ते आणि यतिनची आई रेखा तीन महिन्यांसाठी सिडनीतल्या गिरावीनला मुलाकडे आले. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि दोघं इथंच अडकले. ऑगस्टमध्ये चंद्रहासरावांची पाठ दुखू लागली. तपासण्या झाल्या तेव्हा कॅन्सर मणक्यापर्यंत पोचला होता. डॉक्टरांनी आडवळण न घेता सांगितलं: नाताळ कदाचित, त्यापुढचं धरू नका.

यतिनची धाकटी बहीण मयूरा मेलबर्नला ग्लेन वेव्हर्लीत राहत होती. तिला आठवा महिना लागला होता, रक्तदाब वाढलेला, घराबाहेर पडायला डॉक्टरांची मनाई. जुलैपासून करोनामुळे सिडनी आणि मेलबर्नच्या राज्यांमधली सीमा बंद होती. ती २३ नोव्हेंबरला उघडणार असं बुधवारी जाहीर झालं. वडिलांनी मुलीकडे जायचं तर त्यानंतरच्या थोड्या दिवसांत, आणि तेही निजून. कारण वीस मिनिटांच्या वर त्यांना बसवत नव्हतं. विमानाचा प्रश्नच नव्हता. खासगी ॲम्ब्युलन्स परवडणारी नव्हती, आणि परवडली असती तरी ते बसले नसते.

"पोटुशी पोरगी आहे," ते म्हणाले होते. "तिच्या दारात मी ॲम्ब्युलन्समधून उतरायचं? त्यापेक्षा इथंच बरा."

मोटरहोमची, म्हणजे आत बिछाने असलेल्या मोठ्या गाडीची कल्पना यतिनची. सगळ्यांनीच जायचं. पुढं तो आणि स्पृहा, मागं आजी, नऊ वर्षांची अनन्या आणि आडवे पडलेले आजोबा. ट्रिपला निघाल्यासारखं जायचं आणि ट्रिपला आल्यासारखं मयूच्या दारात उतरायचं.

यतिन अविचारी माणूस नव्हता. २००८ साली तो स्वयंपाकाच्या कोर्सला म्हणून पॅरामाटाला आला. त्या काळी पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळवायचा तोच सोपा रस्ता सांगितला जाई. डिप्लोमा झाला, पण हॉटेलात त्याने एक दिवसही कढई धरली नाही. गाड्या धुतल्या, टॅक्सी चालवली, मग बस. प्रत्येक गोष्ट चार ठिकाणी विचारून, चार वेळा तपासून करायची ही त्याची सवय. शनिवारी रिचमंडला त्याने १९९६ची ती गाडी दोन तास तपासली. छताच्या कोपऱ्यांवर अंगठा दाबून ओल पाहिली. गॅस पेटवला, पंप चालवला, फ्रीजमध्ये हात घालून उभा राहिला. मालक केव्हिन आणि त्याची बायको आता प्रवास करत नव्हते. केव्हिनने बिछाने उघडून दाखवले: ड्रायव्हरच्या डोक्यावर दोन, मागं दोन, जेवणाचं टेबल खाली केलं की आणखी दोन.

"स्लीप्स सिक्स, मेट," केव्हिन म्हणाला.

यतिनला आणखी काही विचारावंसं वाटलं नाही. अकोला ते पुणे हा प्रवास त्याने कॉलेजची चार वर्षं ट्रॅव्हल्सच्या स्लीपरने केला होता. रात्री जेवून बसमध्ये चढायचं, पडदा ओढायचा, डोळे उघडले की शिवाजीनगर. बर्थ तितकी माणसं, यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं. आणि तो रोज ज्या बसमध्ये बसून पोट भरत होता, तिच्यातही ड्रायव्हर सोडून कुणाला पट्टा नव्हता.

विकत घेतलेली गाडी घरासमोर लागली तेव्हा रेखाताईंनी नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. चंद्रहासरावांना दोघांनी धरून आत नेलं. ते मागच्या बिछान्यावर पडले आणि छताकडे बघत राहिले.

"खालचा बर्थ माझा," ते म्हणाले. "हिला वरचा द्या. अकोल्याहून निघालं की मेहकरपर्यंत हिची बडबड चालते."

"मेहकरला तुम्हीच चहाला उतरायचात," रेखाताई म्हणाल्या. "बस सुटेल म्हणून मी दारात उभी."

ते हसले. महिन्याभरात पहिल्यांदाच, असं स्पृहाने त्या रात्री मयूराला कळवलं. मयूराने खालची खोली रिकामी केली आणि कुणाकडून तरी कमोडची खुर्ची मागून आणली.

रजिस्ट्रेशनसाठी गाडीची तपासणी लागते. बारा दिवसांनी, गुरुवारी, यतिन ती टोनी नावाच्या मेकॅनिककडे घेऊन गेला. ब्रेक, टायर, दिवे, सगळं ठीक निघालं. टोनीने सहज विचारलं, कुठं निघालात. यतिनने सांगितलं. वडील मागं झोपून येणार, हेही सांगितलं.

टोनीने हात पुसले. "चालत्या गाडीत कोणी झोपायचं नाही, मेट. बेड गाडी उभी असताना. चालू असताना प्रत्येकजण सीटवर, बेल्ट लावून. तुझ्याकडे बेल्ट चारच आहेत. दोन पुढं, दोन टेबलापाशी."

"आजारी माणूस असेल तर?"

"तर ॲम्ब्युलन्स." मग त्याने यतिनच्या गणवेशाकडे पाहिलं. "तू बस चालवतोस ना?"

घरी आल्यावर यतिनने हे सगळ्यांना एकदाच सांगितलं.

"अनन्या आणि मी राहतो," स्पृहा म्हणाली. "तुम्ही तिघं जा. बाबांना बसवून, थांबत थांबत. वीस मिनिटं गाडी, मग तासभर आडवं. दोन दिवसांऐवजी पाच लागतील."

"आणि तसंच झोपवून नेलं तर?" यतिन म्हणाला. "कोण बघायला येतंय?"

"तुझं लायसन्स गेलं तर घर कोण चालवणार?"

"मी चादर ओढून पडतो," चंद्रहासराव म्हणाले. "पोलिसाने विचारलं तर सांग, म्हातारा वाटेत गेला."

"बाबा, पुरे," स्पृहा म्हणाली.

"दॅट्स नॉट फनी, आजोबा," अनन्या म्हणाली आणि आपल्या खोलीत निघून गेली.

रविवारी, २२ तारखेला, रंगीत तालीम करायचं ठरलं. त्या रात्री बारानंतर सीमा उघडणार होती आणि सोमवारी सकाळी निघायचं होतं. सकाळी नऊला तिघं निघाले. चंद्रहासराव टेबलापाशी, पाठीला तीन उशा, वर बेल्ट. समोर रेखाताई. पहिली वीस मिनिटं बरी गेली. थांबले, ते तासभर पडले, पुन्हा बसले. दुसऱ्या खेपेला यतिन आरशातून विचारत होता, बाबा, ठीक? ते म्हणत होते, ठीक.

"थांबव गाडी," रेखाताई म्हणाल्या. "हे सांगणार नाहीत. ओठ बघ यांचे."

त्यांनी खालचा ओठ चावून फोडला होता. सिडनीच्या दक्षिण टोकाचं कँबलटाउनसुद्धा आलं नव्हतं.

रस्त्याच्या कडेला त्यांना दुखण्यावरचं औषध दिलं, मागच्या बिछान्यावर निजवलं. अडीच तास तिघं तिथंच थांबले. पुन्हा बसवायचा प्रयत्न केला, तेव्हा ते ओरडले. बेल्ट लावून घरी परतणं शक्य नव्हतं. यतिन पुढं जाऊन बसला, सीट खालीवर केली आणि वडिलांना आडवं ठेवूनच गाडी सुरू केली. डावीकडच्या लेनमधून, साठच्या वर न जाता. रेखाताईंना त्याने बेल्ट लावायला लावला.

घर दोन किलोमीटरवर असताना पेंडल हिलपाशी एक व्हॅन सिग्नलला मध्येच घुसली. यतिनने ब्रेक दाबला. तो काही जोराचा ब्रेक नव्हता. बसमध्ये तसे तो दिवसातून कितीदा तरी दाबत असे, उभे प्रवासी दांडी घट्ट धरत आणि पुढं जात. मागून काहीतरी पडल्याचा आवाज झाला. चंद्रहासराव बिछान्यावरून घसरून दोन बाकांच्या मधल्या फटीत पडले होते. रेखाताई बेल्ट सोडायला धडपडत होत्या आणि तो सुटत नव्हता.

हाड मोडलं नव्हतं. खांदा काळानिळा झाला, आणि संध्याकाळपर्यंत त्यांना कुशीवर वळवणंही अवघड झालं. घरी येणाऱ्या नर्सच्या चौकशी क्रमांकावर स्पृहाने फोन लावला. कसे पडले, असं तिकडून विचारलं गेलं. "बेडवरून," ती म्हणाली.

सात वाजता यतिनने मयूराला फोन केला.

"किती वाजता निघताय सकाळी?" तिने विचारलं. "मी आमटी करून फ्रीज करते. आईला सांग, गोडा मसाला आणू नको, आहे माझ्याकडे."

"मयू, आम्ही येत नाही."

"उद्या नाही?"

"येतच नाही. आज अर्ध्या तासाच्या अंतरावरून परत आणलं त्यांना. नाही जमत."

फोनवर तिच्या टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येत होत्या. सीमेवरच्या गाड्यांची रांग दाखवत असावेत.

"तू अजून थोडं हळू चालवलंस तर?" ती म्हणाली.

"नाही."

"दादा, तू विचारलंस का नीट? गाडी घ्यायच्या आधी?"

यतिन फोन घेऊन वडिलांच्या खोलीच्या दाराशी गेला. आतून वडिलांनी हात पुढं केला तसा त्याने फोन त्यांच्या कानाशी धरला.

"प्रेशर किती आहे तुझं?" त्यांनी विचारलं. तिने सांगितलं. "मीठ कमी खा. नाही, रडू नकोस, प्रेशर वाढेल." मग बराच वेळ ते ऐकत राहिले. "गाडी चांगली आहे गं," ते म्हणाले. "भक्कम आहे. तुझं बाळ आलं की तुम्हीच इकडे या, दादा घ्यायला येईल." तेवढं बोलून ते दमले आणि त्यांनी मान फिरवली.

यतिनने फोन बंद केला. रेखाताई निघण्यासाठी भरलेली पिशवी उपसून चंद्रहासरावांचे सदरे परत कपाटात ठेवत होत्या. त्याने डेपोच्या सुपरवायझरला कळवलं की रजा नको. सुपरवायझरने सांगितलं, उद्याची पाळी दुसऱ्याला दिली आहे, मंगळवारपासून ये.

स्पृहाने आठवडाभरासाठी रद्द केलेल्या नर्सच्या भेटी पुन्हा ठरवल्या. पहिली उद्या, सोमवारी, सकाळी साडेनऊला.