वैरीण की तोडीची

थोरली एका स्टुडिओसाठी परदेशी कार्यक्रमांचे संवाद आपल्या भाषेत लिहायची. मी त्याच स्टुडिओत ध्वनिमुद्रण करायचो. काचेच्या अलीकडे मी, पलीकडे माइकसमोर आवाज देणारे, आणि त्यांच्या मागे खुर्चीत ती. माइकमध्ये घरघर शिरते म्हणून पंखा बंद ठेवावा लागे, आणि त्याचाही राग ती माझ्यावरच काढायची.

काम किचकट होतं. पडद्यावरच्या माणसाचे ओठ जिथे मिटतील तिथे आपल्या वाक्यातही प, ब, म असलं काहीतरी यायला हवं. त्याचं तोंड बंद झालं की आपलंही वाक्य संपायला हवं. थोरलीला हे इतकं अंगवळणी पडलं होतं की कुणी घरी येऊन बोलायला लागलं, तरी तिची नजर ओठांवरच. समोरच्याला वाटायचं, आपल्या तोंडाला काही लागलंय.

धाकटीला या कामात तिनेच आणलं. धाकटी म्हणजे तिची जाऊ. एकाच घरात थोरली वर राहायची, धाकटी खाली. मुलं मोठी झाल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, मलाही काहीतरी शिकवा ना." थोरलीने तिला शेजारी बसवून सगळं शिकवलं. वर्षभरात मालकाने धाकटीला स्वतंत्र काम दिलं. तेव्हापासून घरी सासूबाईंचं सुरू झालं. "धाकटीचं बघ, कसं झटपट आटपतं. तुझा आपला एका ओळीवर घोळ!"

"त्या एका ओळीचे पैसे मिळतात मला," थोरली म्हणायची आणि पाय आपटत वर जायची.

मग बर्फावर स्केटिंग करणाऱ्या दोन मुलींची मालिका आली. दोघी जिवलग मैत्रिणी, आणि एकाच पदकामागे लागलेल्या. मालकाला घाई होती. त्याने एक भाग थोरलीला, पुढचा धाकटीला, अशी वाटणी करून टाकली.

या मालिकेत इंग्रजी शब्दांचा नुसता सुळसुळाट. कधी रायव्हल, कधी ऑपोनंट, कधी काँपिटिटर, कधी कंटेंडर. थोरलीने प्रत्येकाला ठरलेला शब्द दिला होता. काँपिटिटर असेल तर स्पर्धक, ऑपोनंट असेल तर समोरची, कंटेंडर असेल तर दावेदार. 'प्रतिस्पर्धी' तिने कधीच हद्दपार केला होता. "तो उच्चारेपर्यंत ती पोरगी बर्फावरून घरी पोचेल," म्हणायची.

राहिला रायव्हल. पहिल्याच भागात दोघींपैकी मोठी मुलगी मैत्रिणीकडे बघत म्हणते, "शी इज माय रायव्हल." थोरलीने लिहिलं, "ती माझी वैरीण." 'माय'च्या जागी 'माझी', 'रायव्हल'च्या व वर 'वैरीण'चा व. ओठ असे जुळले की मीसुद्धा काचेतून अंगठा दाखवला.

घोटाळा दुसऱ्या भागात झाला. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला मागचं थोडं दाखवायचे, आणि हे वाक्य त्यात हमखास. तो भाग धाकटीचा. तिने लिहिलं होतं, "ती माझ्या तोडीची." तिसऱ्या भागात पुन्हा वैरीण, चौथ्यात पुन्हा तोडीची. त्या मोठ्या मुलीला आवाज देणाऱ्या बाई वयाने आमच्या सगळ्यांच्या वरच्या, आणि तोंडाने फटकळ. पाचव्या भागाला त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"आज ती माझी कोण आहे ते एकदा ठरवा. आठवडाभर नुसता संसार मोडतेय नि जोडतेय मी."

रेकॉर्डिंग थांबलं. मालकाने धाकटीला बोलावून घेतलं आणि दोघींना माझ्या शेजारी आणून बसवलं. जागा जेमतेम एकाची.

"मी ओठ जुळवायला शिकवलं होतं की नव्हतं तुला?" थोरलीने सुरुवातच तिथून केली.

"शिकवलं होतं, ताई. पण तिचा चेहरा बघा ना. हसतेय ती."

"हसू दे. जगात हसून वैर करणाऱ्या काय कमी आहेत?"

मी मान खाली घालून उगीच बटणं पुसत राहिलो.

धाकटीने हळूच सांगितलं, "मी मूळ शोधलं, ताई. जुन्या लॅटिनमध्ये एकाच ओढ्याचं पाणी वापरणाऱ्यांना तसलं काहीतरी म्हणायचे. त्यावरून हा रायव्हल आलाय. म्हणजे शेजारीच की."

"मला शब्द हवाय, त्याची वंशावळ नको! आणि एका पाण्यावरचे शेजारी कसे नांदतात ते मला लॅटिनने सांगायला नको. सकाळी तू खाली नळ सोडलास की वर माझ्या डोक्यावर साबण तसाच राहतो."

"मग सांगायचं ना तसं."

"किती वर्षं सांगू?"

मालक कंटाळला. म्हणाला, "दोन्ही लावून दाखव." मी दोन्ही आवाज चित्रावर लावले. वैरीण ओठांवर चपखल बसत होती, पण मुलीचे डोळे काही वेगळंच सांगत होते. तोडीची ऐकताना व च्या जागी ओठ चुकत होते, तरी ते वाक्य तिचंच वाटत होतं. मालक म्हणाला, "तोडीची." आणि उठता उठता म्हणाला, "पुढची सगळी मालिका धाकट्या बाई लिहितील. तुम्ही फक्त तपासून द्या."

 थोरलीने पर्स उचलली, पंखा चालू केला आणि निघून गेली.

नंतर तिने मला सांगितलं, की शब्दाचं तिला वाईट वाटलं नव्हतं. तो ऐकताक्षणीच पटला होता, आणि राग आला होता तो त्याचाच. आपल्याला का नाही सुचला? घरी सासूबाई म्हणाल्या, "अगं, घरातल्या घरातच गेलं ना काम?" त्यावर ती दोन दिवस खाली उतरली नाही.

तपासायचं काम तिने नाकारलं. दुसऱ्या एका स्टुडिओत जाऊन तिने मोटारींच्या शर्यतींची मालिका मिळवली. तिथे माणसांच्या डोक्यावर हेल्मेट, ओठ दिसायचा प्रश्नच नाही. तिला हायसं वाटेल असं मला वाटलं होतं. पण ती वैतागून म्हणाली, "कशाला जुळवायचं तेच कळत नाही!"

आता एखादं नवं काम निघालं की दोन्ही स्टुडिओ नमुना मागवतात आणि दोघी जावा त्यासाठी झगडतात. कधी वरचीला मिळतं, कधी खालचीला. ज्या दिवशी निकाल लागतो त्या दिवशी जिन्यात कुणी कुणाशी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी बोलणं पुन्हा सुरू.

परवा मी थोरलीकडे गेलो होतो. चहा पुढ्यात आला तोच धाकटीचा फोन. खाली बसून वर फोन!

"ताई, रनर-अपला काय लिहू? उपविजेती बोजड होतंय."

"तोंड किती वेळ उघडं आहे तिचं?"

"अगदी थोडंच. रडवेली आहे."

"मग 'दुसरी आले' लिही. रडताना कुणी उपविजेती म्हणतं का?"

"बघते," धाकटी म्हणाली आणि फोन ठेवला.

"बघते म्हणे!" थोरली माझ्यावर उखडली. "विचारायचं मला आणि लिहायचं स्वतःचंच."

तिचं खरं होतं. तो भाग मी मुद्रित केला. धाकटीने लिहिलं होतं, "थोडक्यात हुकलं."