फाइलमधली शून्यं

मुरबाडच्या आमच्या लहानशा ऑफिसात आधी चौघं होतो. मग तिघं पुण्याला गेली आणि चार कॉम्प्युटर सांभाळायला मी एकटी उरले. आमचा प्रोग्राम मोठा होता, म्हणून चारही मशीन तो वाटून घेऊन कंपाइल करायची, म्हणजे लिहिलेल्या कोडच्या चालू शकणाऱ्या फाइली बनवायची, आणि तयार तुकडे नेटवर्कवरच्या एकाच सामायिक डिस्कवर ठेवायची. ही जुळणी आमच्यातल्या सर्वांत अनुभवी सहकाऱ्यानं केली होती.

दिवाळीनंतर प्रोग्राम मध्येच बंद पडायला लागला. तोच कोड पुन्हा कंपाइल केला की कधी चालायचा, कधी नाही. मी गच्चीवर जाऊन त्या सहकाऱ्याला पुण्याला फोन लावला. मोबाइलला रेंज तिथंच यायची.

"तुझ्या कोडमध्ये चूक असेल. नीट बघ," तो म्हणाला.

आठ दिवस मी माझ्याच ओळी वाचत राहिले. आपल्याला हे काम येतच नाही, असं खरंच वाटायला लागलं. दिवसभर कोणाशी बोलणं नसायचं. डबा खाताना मी पडद्यावरचे एरर मोठ्यानं वाचायची, तेवढाच आवाज.

माझी घरमालकीण भातशेती करायची. एका संध्याकाळी तिनं विचारलं, "काय गो, तोंड का उतरलाय?"

"मावशी, माझं काम बिघडतंय. चूक कुठं ते कळत नाही."

"मग तूच बिगडवतेस कशावरना?"

दुसऱ्या दिवशी मी कोड बाजूला ठेवला. एकाच फाइलची चांगली आणि बिघडलेली प्रत शेजारी ठेवून तपासली. बिघडलेल्या प्रतीत मधोमध नुसती शून्यं होती. कोड चुकला तरी फाइलमध्ये अशी रिकामी जागा पडत नाही, म्हणजे ही माझी चूक नव्हती. मग एकेका मशीनवर वेगवेगळं कंपाइल करून पाहिलं. तिसऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये कारण सापडलं: डिस्ककडून उत्तर यायला उशीर झाला की ते मशीन लिहिणं अर्धवट सोडून पुढं जायचं. राहिलेली जागा शून्यांनी भरायची. 'उत्तर येईपर्यंत थांब' अशी सेटिंग केली आणि दोन दिवस सतत कंपाइल केलं. एकही फाइल बिघडली नाही.

मी फोन करून त्याला सगळं सांगितलं.

"ती सेटिंग मीच केली होती गं. विसरलो. चल, मीटिंग आहे."

त्या आठ दिवसांबद्दल मला बरंच बोलायचं होतं. फोन बंद झाल्यावरही मी गच्चीवरच उभी होते. समोर सिद्धगडाचा डोंगर स्वच्छ दिसत होता.

पावसाळ्याआधी ते ऑफिस बंद झालं आणि मीही पुण्याला गेले. तिथल्या ऑफिसात पहिल्या दिवशी जेवताना शेजारी बसलेल्या मुलीनं विचारलं, "तू सगळं पुटपुटत का वाचतेस?"

मुरबाडची ती सवय अजून सुटली नव्हती; मी माझा डबा तिच्यापुढं सरकवला.