म्हशींचा चौक आणि माझा अहवाल

मुलगी बाळंतपणानंतर नोकरीवर रुजू झाली तेव्हा बायको पुण्याला गेली, आणि नातवापायी तिथेच राहिली. कोल्हापुरातल्या घरात मी एकटा. मोकळा वेळ अंगावर येऊ लागला म्हणून मोठी शहरे राहण्याजोगी कशी करावीत, या विषयाचा सहा महिन्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला. शेवटी एक अहवाल लिहायचा होता: आपल्या भागातली एक जागा निवडा, मोजा, सुधारणा सुचवा.

मी आमच्या पेठेतला चौक निवडला. तिथे रोज पहाटे एक गवळी चार म्हशी घेऊन यायचा. गिऱ्हाइकासमोर धार काढायची, फेसाळलेला पेला हातात द्यायचा, ही इथली जुनी रीत. मीही रोज जायचो. दिवसभरात माणसांशी माझे काय बोलणे व्हायचे ते तिथेच.

बारा दिवस वही-टेप घेऊन मोजत होतो. रस्ता साडेसात मीटर. म्हशी उभ्या राहिल्या की उरायचा चार. शेण धुवायला सहा बादल्या पाणी. एक निवृत्त मास्तर पेला हातात धरून ओरडायचे, "काय पावणं, आमचीबी मोजणी करताय काय? मला दोन धरा, पोट बघा की!" सगळे हसायचे, मीही. मग वहीत लिहायचो: उभी माणसे अठ्ठावीस. अभ्यासक्रमाने दिलेल्या नमुना तक्त्यात माणसांसाठी दोनच रकाने होते, 'ये-जा' आणि 'अडथळा'. ती माणसे ये-जा करत नव्हती. मी त्यांना अडथळ्यात टाकले. त्या अठ्ठाविसांत मीही होतो.

शिफारस सरळ होती: म्हशी शहराबाहेरच्या मैदानात न्याव्यात.

चूक पुढे झाली. रविवारी आम्ही दहा-बारा जण तालमीत बसतो; पेठेचे बरेवाईट तिथेच ठरते. तिथे मी अहवाल वाचून दाखवला. म्हटले, आकड्यांत काही चुकले असेल तर कोणीतरी सांगेल. गवळीही भिंतीला टेकून ऐकत होता. पण तालमीत सगळ्यांसमोर वाचलेला कागद म्हणजे तक्रार. हे बाहेरच्याला कळले नसते. मी जन्मापासून इथला, मला कळायला हवे होते. वाचून झाल्यावर मास्तर एवढेच म्हणाले, "लई अभ्यास केलाय हो तुम्ही."

सोमवारी म्हशी आल्या नाहीत. मंगळवारीही नाही. आठवडाभर चार-पाच जण चौकात डोकावून परत गेले. पुढच्या आठवड्यात मी एकटाच उभा होतो. गाड्या न थांबता जात होत्या. मास्तर आता पिशवीचे दूध घेतात. गॅलरीतून मला हात करतात.

अहवालाला चांगले गुण मिळाले. अडथळ्याची नोंद नेमकी आहे, असा शेराही होता.

शेवटी मी गोठ्यावर गेलो. गवळी माझ्याहून मोठा. मी मामा म्हणतो.

"मामा, परत या चौकात. तो कागद नुसता अभ्यासापुरता होता."

"खोटं लिवलं हुतं काय त्यात?"

"नाही."

"मग? तुमचा हिशोब बरोबरच हाय की. रस्ता अडत हुता, व्हय. पर तीस वर्सात कुणी म्हणलं न्हवतं. पेठेनं ऐकलं आन् एक माणूस 'न्हाय' म्हणाला न्हाय. मग कुठल्या तोंडानं म्हशी आणू?"

"मी पुन्हा तालमीत बोलतो. सगळ्यांसमोर सांगतो."

"ऱ्हाऊ द्या सायेब. आता सगळं दूध डेरीला लावलंय. म्हशींचीबी चालायची सवय मोडली."

त्याने हात धुतले, एका म्हशीची धार काढली आणि पेला माझ्या हातात दिला. मी विचारले, रोज आलो तर चालेल का?

"या की. पेलाभर दूध कुणाला जड न्हाय. पर हितं एकट्यालाच प्यावं लागंल."

दुसऱ्या दिवसापासून जातो. घरापासून गोठा अडीच किलोमीटर, चालत पस्तीस मिनिटे. मामा डेरीच्या गाडीच्या घाईत असतो, पेला देऊन कॅन भरायला वळतो. मी दावणीपाशी उभा राहून दूध पितो. तीन मिनिटांत संपते. चौकात त्याच एका पेल्याला मला अर्धा तास लागायचा.