छपरीतलं पोस्टाफिस

आमच्या पोस्टात आलेलं टपाल रोजच्या रोज वाटून संपायचं. किस्से मात्र उरायचे. ते कुठं पाठवणार, कोणाचा पत्ता लिहिणार? मग महिन्यातून एकदा तालुक्याच्या पोस्टात शाई, फॉर्म, तिकिटं आणायला गेलं की आम्ही तिघं बाहेरच्या चहाच्या टपरीवर बसायचो आणि ते एकमेकांत वाटून टाकायचो.

तिघं म्हणजे मी, शेंडेभाऊ आणि गेडामभाऊ. तिघंही ब्रँच पोस्टमास्तर. सावली आणि आरमोरीच्या मधल्या धानाच्या गावांत आमची पोस्टं. मोबाइल यायचे होते, फोन फार तर सरपंचाकडं. खेड्यातल्या ब्रँच पोस्टाला वेगळी इमारत नसायची, ते पोस्टमास्तराच्या घरातच चालायचं. पुढच्या छपरीत, म्हणजे ओसरीवर, एक टेबल, एक लाकडी पेटी, तारखेचा शिक्का, भिंतीला लाल डबा. मागं सगळं घर.

लोक म्हणायचे, "बाई, तुमचं बरं हाय. कुठी जा लागत नाई, कुठून या लागत नाई."

तीच तर अडचण होती. जो कुठं जातच नाही तो घरी परत कधी येणार?

* * *

शेंडेभाऊ तलावाकाठच्या गावचे. घरचा धंदा मासेमारीचा. बाकीचे भाऊ डोंग्यातून जाळी टाकायचे, हे दहावी होऊन टेबलावर बसले. दोन-तीन वर्षांत पोट सुटलं, अंग जड झालं, चिडचिड वाढली. झोप म्हणून लागेना.

डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "चालता किती?"

"चालाले वेळ कुठी हाय सायेब? उठलो का ड्युटीवरच असतो."

"मग ड्युटीवर चालत जा," डॉक्टर म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना पोस्ट कुठं आहे हे ठाऊक नव्हतं.

शेंडेभाऊ शब्दाला शब्द धरणारे. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते मागच्या सांदवाडीतून, म्हणजे परसातून, निघाले. पूर्ण तलावाच्या पाळीवरून फेरी मारली आणि पुढच्या दारानं छपरीत येऊन टेबलावर बसले. पाळीवर लोक विचारायचे, "कुठी चालले गा, शेंडेभाऊ?"

"ड्युटीवर."

"पोस्टाफिस तं तुमच्या घरीच हाय."

"म्हणून तं लांबून जाऊन राह्यलो."

चार-पाच महिन्यांत पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. झोप लागायला लागली. पण एक सवय काही सुटेना. टेबलावरून उठून दर तासाला स्वयंपाकघरात डोकावायचे, चहा मागायचे, सोबत चिवडा असला तर तोही. वहिनींनी बरेच दिवस पाहिलं. मग एके दिवशी सांदवाडीच्या फाटकाशी त्यांच्या हातात जेवणाचा डबा आणि चहाचा थर्मास ठेवला आणि म्हणाल्या, "ड्युटीवर गेलेला मानूस संध्याकाळी घरी येते. मधात येत नाई."

डबा घेऊन माणूस तलावाला फेरी मारतोय आणि स्वतःच्याच घरी जातोय, हे गावानं पुढं कित्येक वर्षं पाहिलं. शेवटी शेवटी तर कोणी विचारतही नव्हतं.

* * *

याच शेंडेभाऊंकडं एकदा ओव्हरसिअर साहेब तपासणीला आले. ब्रँच पोस्टं तपासत सायकलवर हिंडायचे ते. माणूस चांगला, पण शिस्तीचा. छपरीत टेबलाशेजारी भाऊंचे वडील बाजेवर पडलेले, बाजेखाली जाळं आणि जाळ्यावर कोंबडी.

साहेब म्हणाले, "शेंडे, यातलं ऑफिस कोणतं आणि घर कोणतं, मला समजू द्या."

भाऊंनी लगेच चुना कालवला आणि छपरीत आडवी रेघ ओढली. इकडं ऑफिस, तिकडं घर. कोंबडीला हाकललं, जाळं उचललं. बाज मात्र बरोबर रेघेवर आली. दोन्हीकडं भिंत, सरकायला जागा नाही.

साहेब वाकून म्हाताऱ्याला म्हणाले, "बाबा, तुम्ही कुठं आहात मग?"

म्हाताऱ्यानं मान उचलून रेघ पाहिली. "डोस्कं घरी हाय सायेब. पाय ड्युटीवर."

साहेबांनी शेऱ्याच्या वहीत काय लिहिलं ते कळलं नाही. पुढच्या तपासणीला मात्र त्यांनी आधी बाबांचे पाय कसे आहेत ते विचारलं.

* * *

गेडामभाऊंचं गाव जंगलाच्या कडेला. त्यांना टेबल मिळालंच नव्हतं. खाली चटईवर मांडी घालून, पेटीवर वाकून लिहायचे. एका हिवाळ्यात त्यांची पाठ धरली ती अशी की उठताना दोघांनी हात द्यावे लागायचे. तेल झालं, शेक झाला, झाडपाला झाला. शेवटी वैतागून त्यांनी सागाची एक फळी आणली आणि छपरीच्या खांबाला छातीच्या उंचीवर ठोकली. तेव्हापासून उभ्यानं काम. शिक्का उभ्यानं, नोंद उभ्यानं.

पाठ दीड-दोन महिन्यांत मोकळी झाली. पण वेगळंच घडलं. त्यांच्या छपरीत रोज सात-आठ म्हातारे पत्राच्या निमित्तानं येऊन दुपारपर्यंत बसायचे. पोस्टमास्तर उभा दिसला की त्यांना वाटायचं, हा आता कुठं तरी निघाला. तेही उठायचे. हळूहळू छपरी रिकामी झाली. कामं लवकर आटपायला लागली, गेडामभाऊ खूश.

मग एक दिवस त्यांतला सर्वांत म्हातारा मुद्दाम आला आणि खांबाला टेकून म्हणाला, "मास्तर, तुमची पाठ सुदरली. पन आमचं बसनं मोडलं."

गेडामभाऊंना ते लागलं. त्यांनी काम संपल्यावर अर्धा तास चटई टाकून सगळ्यांबरोबर बसायचं ठरवलं. आम्हाला म्हणाले, "पाठ तं सुदरली बाई, पन गोष्टी ऐकल्याबिगर मलेबी करमत नव्हतं."

* * *

गेडामभाऊंनी तीन वर्षांत एक दिवस रजा घेतली नव्हती. ओव्हरसिअर साहेबांनी बजावलं, "आठवडाभर आराम करा." बदली म्हणून त्यांच्या बायकोचं, कमलाबाईंचं नाव मंजूर होतं. भाऊ रजेवर गेले. म्हणजे छपरीतून आतल्या खोलीत गेले.

पहिल्या दिवशी ते चार वेळा बाहेर आले. शिक्का सरळ मार, टपालाच्या थैलीची दोरी अशी बांध, शाई जास्त झाली. दुसऱ्या दिवशी कमलाबाईंनी लोकांसमोरच विचारलं, "तुमी रजेवर हाय ना? मंग इथी काऊन?"

तिसऱ्या दिवशी भाऊंनी पिशवी भरली आणि एस.टी. पकडून आरमोरीला गेले, सासरी. जावई एकटाच, न सांगता आलेला पाहून सासूबाईंनी दारातच विचारलं.

"भांडून आले काय जी?"

"नाई. रजेवर आलो."

"घरून?"

"हो, घरूनच."

सासूबाईंना ते काही पटेना. रजा घेऊन माणूस घरी येतो, घरून रजा घेऊन कोण जातं? दुसऱ्या दिवशी पहिल्याच गाडीनं त्या जावयाला घेऊन लेकीकडं आल्या. पाहतात तर लेक फळीपाशी उभी, ठकाठक शिक्के मारतेय. जावयानं पिशवी खाली ठेवली आणि सवयीनं थैली उघडायला घेतली.

म्हातारी म्हणाली, "तुमी दोघंबी हापिसात हाय, तं घरी कोन हाय?"

ती आत गेली, चूल पेटवली आणि रजा संपेपर्यंत राहिली. गेडामभाऊ सांगायचे, खरा आराम त्या उरलेल्या दिवसांत झाला, कारण सासूबाईंसमोर छपरीत जायची लाज वाटायची.

* * *

माझं दुखणं पाठीचं नव्हतं. गावातल्या पुष्कळ बाया पत्र माझ्याकडूनच वाचून घ्यायच्या. कोणाचा लेक दूर कामाला, कोणाची लेक दूर नांदायला. वाईट बातमीचं पत्र वाचलं की ती बाई माझ्याच छपरीत रडायची, मी तिला पाणी द्यायची आणि ती गेल्यावर त्याच घरात भात टाकायची. घास उतरायचा नाही. ती बाई आपल्या घरी जायची, पण तिचं रडणं माझ्या छपरीत राहायचं.

हे मी टपरीवर बोलले तेव्हा गेडामभाऊ म्हणाले, "असं पत्र घरात नोका वाचू बाई. झाडाखाली नेत जा."

मला ते पटलं. पोस्टकार्ड उघडंच असतं, शिक्का मारता मारता नजर पडतेच. दुःखाचं असलं की मी बाईला घेऊन अंगणापलीकडच्या कडुनिंबाखाली जायची, तिथं वाचायची, तिचं रडणं होऊ द्यायची. परत येताना हात-पाय धुऊन घरात शिरायची. खरंच हलकं वाटायला लागलं.

एक दिवस सुमनबाई आल्या. त्यांचा मुलगा माजरीला कोळशाच्या खाणीत होता. छपरीत लेकरांचा इतका गलका चालला होता की मला माझंच ऐकू येईना. मी कार्ड घेऊन उठले आणि म्हटलं, "चला, बाहेर बसू."

सुमनबाई उंबऱ्यातच खाली बसल्या. डोक्याला हात लावून अशा रडायला लागल्या की शेजारच्या चार बाया धावत आल्या आणि काही न विचारता त्याही रडू लागल्या. मी ओरडून सांगतेय, कोणी ऐकेना. शेवटी मी कार्ड मोठ्यानं वाचलं. मुलाला मुलगी झाली होती. बाळ-बाळंतीण सुखरूप.

सुमनबाईंनी पदरानं तोंड पुसलं. माझ्याकडं रागानं पाहिलं. "मंग इथीच वाचाचं ना वो बाई."

तेव्हा मला कळलं की त्या कडुनिंबाला सगळं गाव घाबरत होतं. त्या दिवसापासून मी सगळीच पत्रं झाडाखाली वाचायला लागले, बारशाचीसुद्धा.

* * *

माझी मुलगी प्रज्ञा तेव्हा चार वर्षांची. तिचे बाबा शाळेवर जायचे, सासूबाई शेतात. मी टेबलावर बसले की ती पदर ओढायची, मांडीवर चढायची. एकदा तिनं नोंदवहीवर शाई सांडली. मी तिच्यावर हात उगारला आणि मलाच भीती वाटली.

मग मी एक खेळ केला. हातातलं घड्याळ दाखवून तिला सांगितलं, "हे घातलं की मी पोस्टमास्तर बाई. तेव्हा आई नाही. काढलं की आई." तिला ते फार आवडलं. घड्याळ चढलं की ती आपणहून मागच्या खोलीत जाऊन खेळायची. पाणी हवं असलं तरी दारातून म्हणायची, "पोस्टमास्तर बाई, पानी पायजे." घड्याळ उतरलं की धावत येऊन गळ्यात पडायची. मी टपरीवर अभिमानानं हे सांगितलं. शेंडेभाऊ म्हणाले, "बाई, तुमी आमच्या पुढं गेल्या."

पुढचं सांगते. ताप साधाच होता आणि दोन दिवसांत उतरला, हे आधीच सांगून टाकते.

धान लावणीचे, रोवण्याचे दिवस होते. सकाळी लवकर थैली आली म्हणून मी घाईत घड्याळ चढवून टेबलावर बसले. प्रज्ञा झोपलेलीच होती. शेतावर जाण्याआधी काम उरकायला लोक आलेले. एकाला रजिस्ट्री करायची होती, त्याच्या मागं एका म्हातारीला कार्ड लिहून हवं होतं. मी मान खाली घालून लिहीत होते. रजिस्ट्रीवाला गेला. म्हातारीचं कार्ड झालं, तीही गेली.

"पुढं कोण?" मी वर न पाहता म्हटलं.

मी वर पाहिलं. टेबलाच्या काठाला दोन्ही हात धरून प्रज्ञा उभी होती. डोळे लाल, ओठ सुकलेले. ती आपला नंबर येईपर्यंत रांगेत थांबली होती.

"बाई," ती म्हणाली, "माझ्या आईले सांगून द्या, मले ताप आला."