सव्वादोनच्या बांगड्या आणि नगरची फेरी

नगरला जायचं ठरलं ते माईंमुळे. माई म्हणजे माझ्या सासूबाई, वय ब्याऐंशी. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्या वाचत नाहीत, म्हणून मी लिहिलेलं चहाच्या वेळी त्यांना वाचून दाखवते. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच. सासरे गेले तेव्हा श्रीकांत शाळेत होता. श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, जाऊन सहा वर्षं झाली.

सध्या मी एक रहस्यकथा लिहितेय, निजामशाहीतल्या नगरची. शोध लावणाऱ्या दोघी बायका: जहागीरदारांची सून दुर्गाबाई, आणि घरोघर बांगड्या भरत फिरणारी रहिमा. फराहबागेच्या तळ्यात एका बाईचं प्रेत सापडतं. चेहरा ओळखू येत नाही, पण हातातल्या हिरव्या बांगड्यांवरून सगळे ठरवतात की ही जहागीरदारांची लेकच. शेवटच्या प्रकरणात दुर्गाबाई उलगडा करते की खुन्याने लेकीच्या बांगड्या काढून दुसरीच्याच हातात चढवल्या होत्या. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

माई म्हणाल्या, "वीणा, त्याने बांगड्या काढल्या कशा?"

"तेल लावून."

"लाव तू तेल," म्हणाल्या आणि बिस्कीट चहात बुडवलं.

मला भयंकर राग आला. प्रकाशकांना महिनाअखेर शेवटचं प्रकरण हवं होतं आणि त्याचा सगळा डोलारा त्या बांगड्यांवर. त्या निघत नसतील तर कादंबरीच कोसळली. "नगरलाच जाऊन विचारते," मी म्हटलं. "जा की," माई म्हणाल्या. शेजारच्या काकू रात्री माईंच्या सोबतीला यायला तयार झाल्या आणि मी पिशवी भरली.

सकाळी सातची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे गाडीत बायकाच बायका. माझ्या पुढच्या सीटवरच्या बाईंनी "अहिल्यानगर एक" मागितलं. कंडक्टर म्हणाला, "नगर का?" त्या म्हणाल्या, "तेच ते." शिरूरला गाडी दहा मिनिटं थांबली, म्हणजे वीस. भजी गरम होती, चहा गोड मिट्ट. रांजणगावच्या आसपास ट्रकांच्या रांगेत अडकायची तयारी ठेवा. तीन तास धरून चाला.

सावेडीत माझी मावसबहीण सुजाता राहते. तिच्याकडे जेवून तिच्याच स्कूटरवर आम्ही फराहबाग गाठली. भिंगारच्या बाजूला आहे, पाटी शोधत बसू नका, सरळ विचारा. एके काळी महालाभोवती पाणी होतं. आता तळं कोरडं, गवत गुडघ्याएवढं आणि मध्ये तो प्रचंड महाल. आत गेल्यावर मी हळू आवाजात बोलायला लागले. कशाला, कोण जाणे. मी प्रेत जिथे तरंगवलं होतं तिथे एक बकरी चरत होती.

दुपारी एक ते चार बाजार झोपलेला असतो, हे लक्षात ठेवा. आम्ही चारनंतर कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत शिरलो. सुजाताच्या ओळखीच्या नसीमभाभी तिथे बांगड्यांच्या दुकानात फळीवर मांडी घालून बसल्या होत्या. साठीच्या असतील. मी अख्खा प्लॉट सांगितला. त्यांनी एका गिऱ्हाइकाला बांगड्या भरता भरता ऐकला.

"मंग ती रहिमा काय करती?" त्यांनी विचारलं.

"दुर्गाबाईबरोबर असते. माहिती आणते. रात्री दिवटी धरते."

"म्हंजी हुशारी समदी वाड्यातली, आन आमची बाई दिवटी धरनार."

सुजाता खो-खो हसली.

"आना हात," भाभी म्हणाल्या. माझं माप मलाच ठाऊक नव्हतं. त्यांनी पंजा दाबून बघितला. "सव्वादोन. हात मऊ हाय, पन लई वर्सं बांगडी न्हाई चढली यात."

खरं होतं. श्रीकांत गेल्यावर हात आपोआप मोकळे झाले. कोणी काढायला लावलं नव्हतं, पण पुन्हा घाल असंही कोणी म्हणालं नव्हतं. मी म्हटलं, "कादंबरीसाठी हव्यात. हिरव्याच द्या."

"कशासाटी का असंना," म्हणत त्यांनी अंगठ्याखालचं हाड असं काही दाबलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि बांगडी सरकन वर. प्रत्येक हातात चार.

"आता काढा. तेल लावा, साबन लावा. निघाल्या तर पैसे परत."

संध्याकाळी सुजाताच्या बाथरूममध्ये माझं संशोधन चाललं. आधी खोबरेल, मग साबण, मग दोन्ही. सुजाता बाहेरून म्हणाली, "हाताला प्लास्टिकची पिशवी लावून बघ." निजामशाहीत कुठली आलीय पिशवी? शेवटी जोर केला आणि एक बांगडी तुटली, वर हाताला ओरखडा. रात्री जेवायला केलेली कुळथाची शेंगोळी झकास झाली होती, तरी मला दोन घास जड गेले. दोन वर्षांची मेहनत बाथरूमच्या फरशीवर पडली होती.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायलाच भाभींपुढे जाऊन उभी राहिले. "हरले. एक फुटली."

"फुटली म्हनू न्हाई. वाढली म्हना." त्यांनी फळीवर जागा करून दिली. "बसा. हे बगा ताई, आमी भरलेली बांगडी निघत न्हाई. निघत असंल तर माप मोठं हाय."

"पण मोठ्या मापाची कोण घेईल? कामात सारखी हातातून घसरणार."

भाभींनी गल्लीत नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "माझ्या सासूच्या टायमाला येत हुत्या बाया. सव्वादोनचा हात, आन मागायच्या अडीच. सासू काय बी विचारत नव्हती, मुकाट कागदात बांधून द्यायची. ज्यांचा मालक गेलेला, त्या. घरात कुनी नसलं की घालायच्या, पाऊल वाजलं की काढायच्या."

त्या बायकांचं वाईट वाटत होतं आणि त्याच वेळी डोक्यात कादंबरी धावत सुटली होती. लाज वाटली, पण दोन्ही खरं.

तिथून चांदबीबी महाल. पाथर्डी रस्त्याला, डोंगरावर. गाडी वरपर्यंत जाते, पाणी मात्र बरोबर न्या. वारा मस्त, खाली सगळं नगर पसरलेलं. सुजाता फोटो काढत होती आणि मी पायरीवर बसून वहीत नवं प्रकरण लिहीत होते, सात बांगड्या वाजवत. तळ्यातली बाई आता जहागीरदारांची विधवा बहीण. हातात हिरव्या बांगड्या, म्हणून सगळं घर म्हणतं, ही आपली नव्हेच. दुर्गाबाईसुद्धा तेच म्हणते. रहिमा एकटी खाली बसते, प्रेताचा हात हातात घेते आणि माप बघते: हात सव्वादोनचा, बांगड्या अडीचच्या. दिवटी ह्या वेळी दुर्गाबाईच्या हातात दिली.

परतीच्या गाडीत एकच चिंता: हिरव्या बांगड्या घालून माईंसमोर जायचं कसं? माई कर्मठ मुळीच नाहीत. पण मी त्यांना कधी बांगड्यांत बघितलंच नव्हतं. ओढणी मनगटावर गुंडाळून बेल दाबली. माईंनी दार उघडलं, मी पिशवी खाली ठेवली आणि बांगड्यांनी चुगली केली. त्या चहा टाकायला वळल्या. चहा झाला. मी सगळं सांगितलं, अडीचचं मापही.

माईंनी माझा हात ओढून घेतला आणि एक बांगडी फिरवून बघितली. "सव्वादोन?"

"हो."

"माझंही सव्वादोनच," त्या म्हणाल्या. "मी अडीचच्या घ्यायचे. श्रीकांत शाळेत गेला की."

तीस वर्षं मी त्यांच्याबरोबर राहतेय. रडू आलं, ते मी लपवलं नाही. त्यांनी माझा हात सोडला नाही.

प्रकरण प्रकाशकांकडे वेळेत गेलं, त्यांना आवडलं. रहिमा हुशार झाली, याचं श्रेय नसीमभाभींचं. नगरहून आणलेला खाऊ संपला, भांडी घासताना आणखी एक बांगडी वाढली, सहा शिल्लक आहेत. त्या मी काढणार नाही, आणि काढायच्या म्हटल्या तरी निघणार नाहीत.

हे लिहीत असताना माई शेजारीच बसल्यात. मघाशी म्हणाल्या, "भाभी सांगतात ते खरं, भरलेली निघत नाही. आणि सव्वादोनची आपल्या हाताने चढत नाही, भरूनच घ्यावी लागते." मी मान डोलावली आणि टाइप करत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "वीणा, पंचाहत्तरीच्या वरच्यांना एसटी फुकट असते ना गं?"