परसों खेला था

खेळण्याचा पगार मिळतो हे ऐकून वडिलांनी जेवता जेवता मान वर केली. त्यांची सगळी हयात उर्दू कोर्टात वकिली करण्यात गेलेली. बरकतपुऱ्यात त्यांच्या जिभेला लोक जरा वचकूनच असत. "मग झोपण्याचाही मिळत असेल, चौकशी कर," ते म्हणाले. "आपल्या घरात एक उमेदवार तयार आहे." उमेदवार कोण, हे विचारायची सोय नव्हती.

हैदराबादेत पोलीस ॲक्शन होऊन वर्ष उलटलं होतं. कचेऱ्यांतून उर्दू निघाली होती आणि इंग्रजी शिरली होती. भलेभले लोक पन्नाशीत पुन्हा मुळाक्षरं गिरवायला बसले होते. मला मॅट्रिकपुरतं इंग्रजी येत होतं, आणि तेवढ्या भांडवलावर साबणाच्या एका कारखान्यात मला कारकुनी मिळाली. त्याच सुमारास आमच्या मालकांच्या डोक्यात फुटबॉलनं घर केलं. शहरात मोहल्ल्यामोहल्ल्यात टीम होत्या, पण त्या हौशी. मालकांनी थेट पगारी खेळाडूंचा क्लब काढला. हे लोक मस्टरवर पॅकिंग खात्यात असायचे आणि दुपारनंतर मैदानावर. अट एकच होती: टीममधून नाव कमी झालं की महिनाअखेर मस्टरवरूनही कमी. लीगचे फॉर्म इंग्रजीत भरायचे असल्यामुळे सेक्रेटरी म्हणून मला नेमलं. तोवर फुटबॉल मी रस्त्यानं जाता जाता पाहिला होता, तेवढाच.

त्यामुळे मला सगळ्याचंच नवल वाटायचं. आमचे खेळाडू घोट्याला पट्ट्या गुंडाळून अनवाणी खेळत. दगडासारखा चेंडू लागूनही यांची बोटं शाबूत कशी, हे मी प्रत्येकाला विचारून पाहिलं. ऑफसाइड मला तिघांनी तीन तऱ्हांनी समजावला. तिन्ही ऐकून मी पुन्हा पहिल्याकडे गेलो, तर त्यानं हात जोडले. न कंटाळता उत्तरं द्यायचा तो फक्त गोलकीपर. चाळिशीकडे झुकलेला, ताडमाड, सगळे त्याला उस्ताद म्हणत. पूर्वी तो एका जागीरदाराच्या देवडीत, म्हणजे वाड्यावर, मोटारी पुसायचा. जागिरी गेल्या, त्यांच्याबरोबर त्याची नोकरीही गेली, आणि घरात चार मुली होत्या. आमच्या क्लबचं काम ही त्याला त्यानंतर मिळालेली पहिली भाकरी होती.

एकदा मी त्याला विचारलं, पेनल्टी मारणाऱ्याच्या पायाकडे न बघता तुम्ही भलतीकडेच काय बघता?

"पाँव झूट बोलता साब," तो म्हणाला. "कमर नै बोलती."

पुढचे दोन दिवस मी रस्त्यानं जाणाऱ्यांच्या कमरा बघत हिंडलो. शेवटी आईनंच हटकलं.

लीग सुरू झाली त्या आठवड्यात, आमच्या पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी मी सगळ्यांचे फॉर्म भरायला बसलो. नवाकोरा टाक, नवी दौत, समोर अकरा जण रांगेत. एका रकान्यात विचारलं होतं की दुसऱ्या टीमकडून शेवटचा सामना कधी खेळलात. उस्तादची पाळी आली. लीगचा नियम असा होता की एका मोसमात एकाच टीमकडून खेळायचं.

"परसों खेला था साब, हमारे मोहल्ले की तरफ से. नामपल्ली में."

त्या दिवशी गुरुवार होता. मी मंगळवारची तारीख टाकली.

आता हैदराबादेत परसों म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको होतं. आमच्याकडे गेलेला कुठलाही दिवस परसों असतो. शेजारच्यांच्या मुलीचं लग्न परसों झालं, आणि चाळीस वर्षांपूर्वी मूसी नदीला तो मोठा पूर आला तोही परसोंच. बेगम बाजारात एखादा दुकानदार परसों म्हणाला असता, तर "कौनसे परसों?" असं मी हसून विचारलं असतं. पण समोर इंग्रजी फॉर्म होता, आणि माझी ऐट काय विचारता! शाळेत पाठ केलेला अर्थ आठवला आणि हात चालला. उस्तादला इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यानं अंगठ्यासारखी एक सही केली आणि मला सलाम करून तो गेला.

पहिला सामना आम्ही एका गोलनं जिंकलो, तो केवळ उस्तादमुळे. मी इतका ओरडलो की दुसऱ्या दिवशी कारखान्यात मला खुणांनी बोलावं लागलं. हरलेल्या टीमनं मात्र आमचे फॉर्म मागवून पाहिले आणि हरकत घेतली: हा गोलकीपर याच मोसमात दुसरीकडून खेळलाय. ती तारीख मी माझ्याच अक्षरात वाचली. उस्तादचं परसों गेल्या मोसमातलं होतं. चूक कुणाची आणि काय, ते मला तिथल्या तिथं कळलं.

चौकशी तीन साहेबांपुढे झाली. तिघंही नव्यानं बदलून आलेले. अध्यक्ष पुण्याकडचे होते.

"तुमने इनको परसों कहा था?" त्यांनी उस्तादला विचारलं.

"हौ साब, बोला था."

उस्तादनं माझ्याकडे पाहिलं. मी दौतीकडे पाहिलं. आमचे मालक शेजारीच बसले होते, आणि इंग्रजी येतं म्हणून मला ठेवलेलं. आता तोंड उघडावं तर ते इंग्रजी किती येतं हेच उघडं पडणार होतं. मी गप्प बसलो. उस्तादही पुढं काही बोलला नाही. बिचाऱ्याला काय चाललंय ते उमगलंच नसेल, अशी मी स्वतःची समजूत काढली.

त्याचं नाव टीममधून कमी झालं. पुढचे दोन सामने आम्ही हरलो. बदली गोलकीपर चेंडू कुठून येतोय तेवढं बघायचा आणि मग कुठून गेला ते बघायचा. उस्ताद दोन्ही सामन्यांना आला. गोलच्या जाळीमागं उभा राहून तो त्याला सारखा सांगत होता, आगे आओ, आगे आओ. महिना संपायला आठवडा उरला होता.

शेवटी मी वडिलांपाशी सगळं ओकलो. मला वाटलं, ते चिडवतील. त्यांनी सुपारी कातरणं थांबवलं.

"साक्षीदार खोटं बोलला तर त्याची उलटतपासणी घेता येते," ते म्हणाले. "गप्प बसलेल्याचं काय करायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अध्यक्षांच्या घरी गेलो. मराठी ऐकून ते खूश झाले. चहा आला. परसोंचा अर्थ सांगितल्यावर तर ते पोट धरून हसले. "आमचा परवा निदान दोनच दिवस मागे-पुढे जातो हो!" मग हसू ओसरलं आणि त्यांनी विचारलं, "तुम्ही इथलेच ना? मग हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग त्या दिवशी?"

"नोकरी जाईल अशी भीती वाटली," मी म्हणालो.

त्यांनी कागद पुढं केला. चूक माझी आहे, असं मी इंग्रजीत लिहून दिलं, आणि त्याखाली सही केली.

उस्ताद परत आला. मोसमाच्या शेवटी आम्ही खालून तिसरे राहिलो, आणि एवढ्यावरही मालक फार खूश होते. मला मात्र त्यांनी क्लबच्या आणि कचेरीच्या दोन्ही कामांतून उचलून गोदामात बसवलं. तिथं लिहायचं काही नव्हतं, पेट्या आत येत आणि बाहेर जात.

शेवटचा सामना झाल्यावर उस्ताद गोदामात आला. पट्ट्या अजून पायालाच होत्या. एका पेटीवर बसला आणि त्यानं विचारलं, "साब, इधर कैकू आए?"

मी सगळं सांगून टाकलं: तारीख मी टाकली, चूक माझी, आणि चौकशीत मी तोंड शिवून बसलो. तुम्हाला ते ठाऊक नव्हतं, म्हणून मी वाचलो.

"मालूम था," तो म्हणाला. "मेरी बडी बच्ची अंग्रेजी पढती. मीटिंग के एक रोज पहलेच उसने लीग का नोटिस पढके सुनाया था, तारीख के साथ."

मी थक्क झालो. मग त्या साहेबांना तुम्ही का नाही सांगितलं? एका वाक्याचं तर काम होतं. चार मुली घरात असताना?

उस्ताद खाली वाकून पायाची पट्टी सोडवू लागला.

"आपकी बी तो नौकरी नवीच थी ना, साब."